तेरा जण, एक मोकळी मात्रा

साल्सा या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताचा मोठा बँड पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना आधी आवाजच जाणवतो. ट्रंपेट-ट्रोम्बोनचा मारा, तीन तऱ्हांची चर्मवाद्यं, पियानो, लोखंडी घंटा आणि वर तीन गायक. मलाही बरीच वर्षं वाटायचं की माणसं जास्त, जोर जास्त, म्हणून पाय थिरकतात. मग एका रात्री हेडफोन लावून एकच गाणं मी आधी फक्त बेसकडे कान ठेवून ऐकलं, नंतर तेच गाणं फक्त कोंगाकडे कान ठेवून. तेव्हा कळलं की इथे प्रत्येक जण फार थोडं वाजवतोय. आणि आपण जिला सम म्हणू, त्या मात्रेवर बेसवाला वाजवतच नाहीये.

ती मोकळी मात्रा हाती लागली आणि मला हे संगीत उलगडायला लागलं. म्हणून इथेही तिच्याच मागे जाऊ.

आधी माणसं मोजून घेऊ. उदाहरणाला न्यूयॉर्कचा स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रा घेतो. पियानोवादक ऑस्कर एर्नांदेस यांच्या नेतृत्वाखाली २००० साली उभा राहिलेला हा तेरा जणांचा ताफा आहे. दोन ट्रंपेट, दोन ट्रोम्बोन आणि एक बॅरिटोन सॅक्सोफोन, म्हणजे खर्जातला जाडा सॅक्सोफोन. त्याचा वादक अधूनमधून बासरीही उचलतो. मग पियानो आणि बेस, म्हणजे खर्जाच्या तारांचं वाद्य. मग तीन तालवादक. कोंगा म्हणजे पिंपासारखे उंच ढोल, तळहाताने वाजवायचे. बोंगो ही गुडघ्यांमध्ये धरायची छोटी जोडी. तिंबालेस हे धातूच्या खोडाचे दोन उथळ ढोल, स्टँडवर लावून उभ्याने काठ्यांनी वाजवायचे. त्यांच्यावर घंटा बसवलेल्या असतात. या घंटा देवळातल्यासारख्या नसतात, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या चपट्या असतात आणि त्यांना आत लोळी नसते. शेवटी तीन गायक, झाले तेरा.

या तेरा जणांना बांधून ठेवणारी गोष्ट मात्र बऱ्याचदा कुणीच वाजवत नाही. तिचं नाव क्लावे.

स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली. हेच नाव दोन लाकडी दांडक्यांनाही आहे. एकमेकांवर आपटली की टक्क असा कोरडा, टोकदार आवाज येतो. हवानाच्या बंदरात जहाजबांधणीसाठी लागणाऱ्या कठीण लाकडी खुंट्यांपासून ही दांडकी आली, असं सांगतात. त्या दांडक्यांवर वाजणारा पाच टाळ्यांचा नमुना म्हणजेही क्लावे. तो आत्ताच करून बघा. सोळा मात्रा मोजा, तीनतालाच्या मोजता तशा, एकसारख्या आणि जरा चपळ. टाळी द्यायची ती १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. पाच-सहा आवर्तनं सलग करा. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या येतात, त्या गडगडत पुढे ढकलतात. दुसऱ्या आठांत दोनच येतात आणि त्या जमिनीवर पाय टेकवतात. एक बाजू ओढते, दुसरी सोडवते, आणि गाणं संपेपर्यंत हे चालू राहतं.

तीनतालाशी मी फक्त मोजणीसाठी तुलना केली, त्यापलीकडे ती नेऊ नये. आपल्याकडे सगळे रस्ते समेकडे जातात. तिहाई समेवर पडते आणि ऐकणारा मान हलवून दाद देतो. क्लावेत असा सगळ्यांनी मिळून गाठायचा एक बिंदू नाही. पाचही टाळ्यांचा मिळून एक आकार आहे आणि प्रत्येक वादकाला आपलं काम त्या आकारात बसवायचं असतं. ती दांडकी आजच्या बँडमध्ये अनेकदा कुणाच्याच हातात नसतात. तरी तेराही जणांच्या डोक्यात हा आकार फिरत असतो, आणि तो एकाच जागी फिरत असतो.

आता बेस. सोळा मात्रांच्या याच मोजणीत बेसवाल्याचे ठोके पडतात ४, ७, १२ आणि १५ वर. या ठरलेल्या चालीला तुंबाओ म्हणतात. यात पहिली मात्रा नाही आणि नववीही नाही. म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांची सुरुवात बेसने कोरी सोडली आहे. पंधराव्यावर तो जो स्वर लावतो तो पुढच्या आवर्तनाचा असतो, पुढच्या स्वरमेळाचा आधारस्वर, दोन मात्रा आधीच येऊन पोचलेला. तो लांबत पहिल्या मात्रेवरून पलीकडे जातो. बेस आधीच पोचलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याला सतत पुढे खेचल्यासारखं वाटतं. जिन्याची एक पायरी चुकली की शरीर आपोआप पुढे झुकतं, तसं. इंग्रजी पॉप किंवा रॉकच्या सवयीने पहिल्या मात्रेवर बेसचा धक्का शोधणारा माणूस इथे हमखास चाचपडतो. मीही चाचपडलो होतो.

कोंगावाला याच सोळा मात्रांत हाताची जवळजवळ अखंड हालचाल करत असतो, पण त्यातली बरीचशी फक्त चामड्यावर टेकणारी, दबकी असते. डावा हात तळव्याच्या टाचेवर आणि बोटांवर आलटून-पालटून झुलतो. स्पष्ट ऐकू येतात ते दोन प्रकारचे आवाज. ३ आणि ११ वर चापट, कोरडी आणि तीक्ष्ण. ७-८ आणि १५-१६ वर दोन-दोन खुले बोल, तुम्-तुम्. बस. चार-पाच मिनिटं हेच वाजवायचं, फार तर इकडेतिकडे एखादी मुरड. ऐकायला सोपं वाटतं. वाजवताना मात्र त्या दोन खुल्या बोलांचं वजन प्रत्येक वेळी सारखं ठेवता ठेवता भल्याभल्यांची मनगटं दमतात.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते नाचणाऱ्याचं गणित. साल्साचे नाचणारे आठ आकडे मोजतात, एक आकडा म्हणजे आपल्या दोन मात्रा. पाय पडतात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात वर. चार आणि आठ वर पाऊल नाही, तिथे नुसतं वजन सरकतं. आता वरची मोजणी याच्यावर ठेवून बघा. नाचणाऱ्याचा चार म्हणजे आपली सातवी मात्रा आणि आठ म्हणजे पंधरावी. कोंगाचे खुले बोल नेमके तिथून सुरू होतात, बेसचा भारी स्वरही तिथेच पडतो. पाऊल थांबतं तिथे ढोल बोलतो. आणि बेस जिथे गप्प असतो, त्या एक आणि पाच वर, पाऊल पडतं. ती मात्रा तुमच्या पायासाठी राखून ठेवलेली आहे. खुर्चीत बसून हे संगीत काहीतरी अपुरं वाटतं असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचं बरोबर आहे, एक वादक कमी असतो.

पियानोचं कामही तालाचंच. दोन्ही हात बहुधा एकच ओळ वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात, तुटक आणि गोल गोल फिरणारी. क्लावेच्या दोन टाळ्यांच्या बाजूला ती मात्रेवर पाय रोवते, तीन टाळ्यांच्या बाजूला मात्रांच्या मधे उड्या मारते. या ओळीला मोन्तुनो म्हणतात. तिचं मूळ क्युबाच्या त्रेस या गिटारसारख्या वाद्यात आहे, तारांच्या तीन जोड्या असलेल्या. पियानो त्रेसचीच भाषा बोलतो, फक्त मोठ्या आवाजात.

क्लावेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली की या संगीताची शिस्त लक्षात येते. वर सांगितलेला नमुना तीन-दोन झाला. पुष्कळ गाणी दोन-तीन असतात, म्हणजे त्याच चक्रात दोन टाळ्यांच्या बाजूने गाणं उचलायचं. गायकाची ओळ, ब्रासचा, म्हणजे ट्रंपेट-ट्रोम्बोनचा तुकडा, तिंबालेसच्या खोडावर वाजणारी कास्कारा नावाची काठीची चाल, सगळं ठरलेल्या बाजूला पाठीशी घेऊन चालतं. एक जरी वादक उलट्या बाजूने शिरला तर त्याला क्रुसादो म्हणतात, म्हणजे आडवं गेलेलं. नवख्या कानाला चूक दाखवता येत नाही, पण गाणं अचानक जड होतं, बैलगाडीचं एक चाक रुतावं तसं. जाणते नर्तक तेवढ्यात पाऊल आखडतात. क्लावे मधेच उलटवायची नाही हा दंडक आहे. कसलेला अरेंजर, म्हणजे बँडसाठी गाणं बांधून देणारा, मात्र रचनेतच अर्धं आवर्तन जास्त टाकतो. क्लावे आपली चालत राहते, पुढची ओळ दुसऱ्या बाजूवर येऊन उभी राहते, आणि गाण्याचा तोल मोडतोड न होता बदलतो. अशा जागा सापडल्या की मी रेकॉर्ड मागे नेऊन पुन्हा ऐकतो.

हा सगळा डोलारा एका दिवसात उभा राहिला नाही. गुलामगिरीत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून क्युबात आणलेल्या माणसांनी ढोल आणि सवाल-जवाबाचं गाणं जिवंत ठेवलं. त्याला स्पॅनिश गिटार आणि काव्यरचना भेटली आणि क्युबाच्या पूर्व भागात सोन हा गानप्रकार तयार झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो हवानात आला तेव्हा सहा जण पुरत: गिटार, त्रेस, बेस, बोंगो, माराकास म्हणजे खुळखुळे, आणि क्लावे. पुढे एक ट्रंपेट आला, सात झाले. १९४० च्या सुमारास अर्सेनियो रोद्रीगेस या अंध त्रेसवादकाने त्यात कोंगा आणला, पियानो आणला, एकाऐवजी अनेक ट्रंपेट आणले. आजच्या साल्सा बँडचा सांगाडा तिथे तयार झाला असं मी मानतो. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये माचितोचा बँड आणि त्याचा संगीत-दिग्दर्शक मारियो बाउसा यांनी क्युबन तालवाद्यांवर जॅझच्या बिग बँडची सॅक्सोफोन-ट्रंपेटची फळी बसवली. पॅलेडियम या नृत्यगृहात माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रीगेस यांचे बँड लोकांना नाचवत होते. तिंबालेस बँडच्या मागच्या रांगेतून थेट पुढे आणणारा माणूस पुएन्ते. त्याआधी ते साथीचं वाद्य होतं.

साल्सा हे नाव नंतर रुळलं, न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांमधून. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुच्ची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि हा आवाज जगभर पोचवला. त्या आवाजात ट्रोम्बोनचा मोठा वाटा आहे. एडी पाल्मिएरीने १९६१ मध्ये आपल्या बँडमध्ये ट्रोम्बोन पुढे ठेवले. मग किशोरवयीन विली कोलोनने १९६७ च्या पहिल्या रेकॉर्डपासून तो खरखरीत, रस्त्यावरचा आवाज आपली ओळख बनवला. ट्रंपेट चमकतो, ट्रोम्बोन गुरगुरतो. दोन-दोन घेतले की दोन्ही मिळतात, म्हणून आपल्या तेरा जणांत तसे आहेत.

आता गाणं चढतं कसं ते बघू, कारण ऊर्जा म्हणतात ती खरी इथे तयार होते.

सुरुवातीच्या कडव्यांत बँड हात आखडून असतो. तिंबालेसवाला काठ्या ढोलाच्या खोडावर, बाजूच्या धातूवर वाजवतो, चामड्याला क्वचितच हात लावतो. बोंगोवाला मांडीतल्या जोडीवर बारीक टिकटिक धरतो. माराकासची खळखळ, ग्वीरो या खाचा पाडलेल्या भोपळ्याची खरड. गायक गोष्ट सांगतो, ब्रास मधल्या फटी भरतं. मग कडवं संपतं. तिंबालेसवर एक कडाडणारा आघात, गुंडाळलेला रोल, पुन्हा आघात. याला आबानिको म्हणतात, म्हणजे हातपंखा, झटक्यात उघडलेला. त्याच क्षणी नजर बोंगोवाल्यावर ठेवा. तो बोंगो खाली ठेवतो आणि मोठी हातघंटा, कांपाना, आणि जाडसर लाकडी दांडका उचलतो. घंटेच्या तोंडावर मात्रेचे ठोस ठोके, मानेवर मधले हलके. इतका वेळ बेसने कोरी ठेवलेली पहिली मात्रा आता लोखंडाच्या आवाजात उघड सांगितली जाते. तिंबालेसवालाही खोड सोडून आपल्या घंटेवर येतो. एका क्षणात बँड दुप्पट मोठा वाटतो. माणसं तेवढीच असतात, लय तीच असते, एका माणसाने फक्त हातातलं वाद्य बदललेलं असतं.

इथून पुढचा भागही मोन्तुनोच म्हणवतो. यात कोरो म्हणजे साथीदार एक ठरलेली ओळ गातात, आणि मुख्य गायक, ज्याला सोनेरो म्हणतात, मधल्या जागेत आयत्या वेळी रचून उत्तर देतो. शाहीर आणि झीलकरी यांचं नातं ज्याने ऐकलंय त्याला हे लगेच ओळखू येईल. सोनेरोला मोजक्या मात्रा मिळतात. तेवढ्यात विचार, यमक आणि क्लावे सांभाळून बोलायचं आणि कोरोच्या तोंडी ओळ पडायच्या आत बाजूला व्हायचं. थोड्या वेळाने अरेंजर कोरोची ओळ अर्धी करतो. साहजिकच सोनेरोची जागाही अर्धी होते. लय तीच राहते, पण देवाणघेवाण दुप्पट वेगाने होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणं धावायला लागलं. मग ब्रासची पाळी येते. लिहून ठेवलेले जोरकस तुकडे म्हणजे मांबो. कधी ट्रोम्बोनवाला जागेवरच एक छोटी चाल सुचवतो, शेजारचा ती उचलतो, ट्रंपेट तिच्यावर दुसरी चढवतात. ही मोन्या. कागदावर काहीच नसतं, पाच जण एकमेकांचं ऐकत थर रचतात. मोन्या जमली की माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

एल ग्रान कोम्बो हा पोर्तो रिकोचा बँड यासाठी मुद्दाम ऐकावा आणि पाहावा. पियानोवादक राफाएल इतिएर यांनी १९६२ मध्ये उभा केलेला. लोक त्याला साल्साचं विद्यापीठ म्हणतात. तिन्ही गायक पुढे एका पावलाने नाचत गातात आणि मागचं वाजवणं घड्याळासारखं नेमकं. कुणीही पुढे घुसत नाही. अशा शिस्तीला रूक्ष म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पाया हलला नाही तरच वरचा माणूस मोकळा होतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला २४ ऑगस्ट १९७३ चा. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, बेसबॉलच्या मैदानात, फानिया कंपनीच्या नामवंतांचा ताफा, फानिया ऑल स्टार्स, ४० हजारांहून जास्त लोकांपुढे वाजवत होता. रे बार्रेतो आणि मोंगो सांतामारिया यांची कोंगावर जुगलबंदी रंगली आणि लोक कठडे ओलांडून मैदानात धावत आले. कार्यक्रम तिथेच थांबवावा लागला. पुढे यांकी स्टेडियमच्या नावाने निघालेल्या रेकॉर्डमधला काही भाग पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या कार्यक्रमातला आहे. ती रेकॉर्ड आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन केलेली आहे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७४ मध्ये, हाच ताफा क्युबन गायिका सेलिया क्रूझसह झैरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, किन्शासात वाजवायला गेला. काँगोच्या वादकांनी त्याआधीच क्युबाच्या सोनच्या तबकड्या ऐकून स्वतःची रुंबा घडवलेली होती. ढोलाची भाषा समुद्र ओलांडून गेली होती, ती अशी परत आली.

कोंगा आणि बोंगो आपल्या कानाला नवे नाहीत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड यांनी ही वाद्यं रुजवली. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त हा रंग मनसोक्त वापरला आणि गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह त्यात पडद्यावरही दिसला. आपल्याकडे आला तो वाद्यांचा रंग. क्लावेची वीण बहुतेक वेळा तिकडेच राहिली, कारण आपल्या चाली समेवर उतरायला बांधलेल्या होत्या. म्हणूनच साल्सा ऐकताना ओळखीचे आवाज अनोळखी वागतात.

ऐकायला सुरुवात करायची तर एकच गाणं तीनदा लावा. पहिल्यांदा हाताने क्लावे द्या, १, ४, ७, ११, १३. टाळ्या गाण्याशी भांडल्या तर नववीपासून मोजायला लागा, गाणं दोन-तीनचं असेल. दुसऱ्यांदा क्लावे सोडा, बेसचा स्वर पोचून गेल्यावर जी जागा उरते तिथे पाऊल टाका. तिसऱ्यांदा फक्त बोंगो ऐका, त्या मागच्या बारीक टिकटिकीच्या मागे लागा. कडव्याच्या शेवटी ती एकदम नाहीशी होईल. तिंबालेस कडाडेल, बोंगोवाला खाली वाकलेला असेल, आणि मग घंटा येईल.